फ्रीमाँट सोडून पुण्यात लवकर निवृत्ती: मुलांचं काय?

निशिगंध_फ्रीमाँट:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं पन्नाशीच्या अलीकडे, चौघांचेही अमेरिकन पासपोर्ट. थोरली नववीत, धाकटा सहावीत. इथलं घर विकलं की पुण्यात नोकरीशिवाय आरामात भागेल, असं एक्सेलशीट सांगतं. यांचा जीव मुळशीतल्या फार्महाऊसमध्ये अडकलाय. मुलाबाळांसकट परतलेल्यांनी सांगा, आमच्या लक्षात काय येत नाहीये?

परत_बाणेर:
ताई, न्यू जर्सी सोडताना आमचीही शीट अशीच देखणी होती. आणि पैशांचं गणित जमतं हो. भाडं, पोळ्यांच्या मावशी, ड्रायव्हर, उन्हाळ्यात टँकरची वर्गणी, सगळं धरूनही तिथल्या प्रॉपर्टी टॅक्स आणि हेल्थ इन्शुरन्सपेक्षा कमीच.

पण तुम्ही इथे परदेशी नागरिक म्हणून येताय. ओसीआयवाल्याला, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड असलेल्याला, शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही; वारशाने आलं तर गोष्ट वेगळी. (भावाच्या नावावर घ्या, असं कुणीतरी सुचवेलच. नका घेऊ.)

आता मुलं. 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेपासून ओसीआय मुलांना नीट किंवा जेईई देऊन फक्त एनआरआय किंवा सुपरन्युमररी (नेहमीच्या संख्येवरच्या जादा) जागा मिळतात. ज्यांचं कार्ड त्याआधीचं आहे त्यांना हे लागू नाही, असा सुप्रीम कोर्टाचा 2023 चा निकाल आहे. तेव्हा कार्डांवरच्या तारखा आजच बघा.

थोरलीला यूसीत, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठात, घालायचं असेल तर तुम्ही कॅलिफोर्निया सोडल्यावर ती राज्याबाहेरची धरली जाऊ शकते. फी तिपटीच्या आसपास जाते. तिची बारावी होईस्तोवर थांबावं, तर धाकटा दहावीच्या तोंडावर. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे, बोर्ड कुठलंही असो. आमचे चिरंजीव घरी फडाफडा मराठी बोलायचे. वहीत जोडाक्षरं आली आणि रोज संध्याकाळी रडारड. 'श्र' काढताना पेन्सिलीचं टोक मोडायचा, मुद्दाम.

माझं मत विचाराल तर धाकट्याचं वय धरून आत्ता या, आणि थोरलीच्या फीचे पैसे शीटमध्ये वेगळे काढून ठेवा.

हिशोबी_काका:
वर सगळं आलंय, मी फक्त कराचं सांगतो. नागरिकत्व असेपर्यंत अमेरिकेचं रिटर्न पुण्यातूनही भरायचं. अमेरिकेबाहेरच्या खात्यांमध्ये मिळून वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेलात की एफबारही, म्हणजे त्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म. बँकेतला पोरगा म्युच्युअल फंड गळ्यात मारेल. आयआरएस, म्हणजे तिकडचं कर खातं, त्यांना पीएफआयसी (परदेशी गुंतवणूक कंपनीचा एक वर्ग) धरते, कर आणि कागदपत्रं दोन्ही जीव नकोसा करतात. आल्यावर सुरुवातीची दोन-तीन वर्षं आरएनओआर (परतलेल्यांना मिळणारा मधला कर-दर्जा) मिळालं तर परदेशातल्या बहुतेक उत्पन्नावर इथे कर नाही, मोठी विक्री त्यात उरका. मेडिकेअर, म्हणजे तिकडचा म्हातारपणाचा सरकारी आरोग्य विमा, इथे चालत नाही, इथला विमा आत्ताच काढा.

निशिगंध_फ्रीमाँट:
कार्डं काढली. थोरलीचं 2014 चं, धाकट्याचं 2022 चं! मुळशीचं ऐकून हे गप्प बसलेत. बाणेरकर, सहावीच्या मुलाला ऑनलाईन मराठी लिहायला शिकवणारं कुणी माहीत आहे का?