हॉस्टेल रिकामं होताना जे सामान मागे राहतं त्याचं काय करायचं? (नाशिक)

बी_विंग_तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. कॉलेज नाशिकमधलंच, नाव नको. शेवटचा पेपर झाला की दोन-तीन दिवसांत आमचं हॉस्टेल रिकामं होतं आणि जिन्याखाली हा ढीग लागतो, बादल्या, मग, गाद्या, हँगर, एक्स्टेन्शन बोर्ड, ड्राफ्टर, लॅबचे ॲप्रन, एखादा टेबलफॅन पण आणि फायली तर विचारूच नका. अर्ध्याहून जास्त सामान चांगलं असतं हो. मग एक दिवस टेम्पो येतो आणि सगळं एकत्र कोंबून घेऊन जातो. आणि पावसाळ्यात नवीन पोरं आली की आईवडिलांसोबत मेन रोडला जाऊन तीच बादली तोच मग विकत आणतात 🙄

आम्ही व्हॉट्सॲपवर घ्या-द्या ग्रुप काढून बघितला. मे महिन्यात सगळे देणारे, घेणारं कोणीच नाही, कारण घेणारे अजून बारावीच्या रिझल्टची वाट बघत बसलेले असतात. आता प्राचार्यांना भेटायचंय. नक्की काय मागावं? कृपया पोस्टर लावा, रंगीत डबे ठेवा असलं सांगू नका, डबे आहेत, तिन्ही रंगांत एकच कचरा असतो.

जुना_स्टोअरकीपर

बाळा, तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे. देणारा मे मध्ये, घेणारा ऑगस्टमध्ये, मधले तीन महिने सामान ठेवायचं कुठे? ग्रुप काढून हे सुटत नाही, त्याला छप्पर लागतं. प्राचार्यांकडे एकच मागा, एक खोली आणि तिची चावी. खोली तळमजल्याची नको, आपल्याकडे जुलैत भिंतींना ओल येते, सगळं बुरसटेल. आणि चावी सेकंड इयरच्या पोरांकडे ठेवा, फायनलवाला चावी खिशात घेऊनच पुण्याला जॉइन होतो.

दुसरं, कॉलेजचं आणि पोरांचं सामान एकत्र करू नका. कॉट, टेबल, छताचा पंखा हे डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ सामानाच्या वहीत चढलेलं असतं, निर्लेखन म्हणजे ते रीतसर बाद झाल्याशिवाय त्यातली मोडकी खुर्चीसुद्धा गेटबाहेर जात नाही, म्हणून तर प्रत्येक कॉलेजच्या मागच्या पॅसेजमध्ये खुर्च्यांचे डोंगर असतात. पोरांच्या बादलीला हे काही लागू नाही, पण ती एकदा स्टोअरच्या ताब्यात गेली की क्लार्क नोंद मागणार, मग संपलंच. खोली एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) नावाने घ्या.

आणि नो ड्यूजच्या, म्हणजे काही देणं बाकी नाही या फॉर्मवर एक सही वाढवून घ्या. लायब्ररीची, मेसची असते तशी या खोलीची. डिपॉझिट परत हवं असतं ना सगळ्यांना, बरोबर जिना उतरून सामान ठेवून जातात.

धुळेकर_नाशकात

काका नो ड्यूजची आयडिया एक नंबर 👌

फक्त गाद्यांना हात लावू नका भो. ढेकूण. एक गादी आली की अख्ख्या विंगला महिनाभर झोप नाही. कापसाची असेल तर गादीवाल्याकडून पिंजून, खोळ बदलून परत वापरता येते, पण फोमची काहीच होत नाही, ती सरळ नाही म्हणायची. उशा पण नको. एक्स्टेन्शन बोर्ड लॅबच्या दादाकडून तपासल्याशिवाय कोणाला देऊ नका, आमच्याकडे वायर टेपने चिकटवलेले बोर्ड फिरायचे.

शिकवते_पण_शिकतेही

मी एका इंजिनीअरिंग कॉलेजला शिकवते. पुस्तकांबद्दल सांगते, खोलीत सरसकट घेऊ नका, आधी पॅटर्न, म्हणजे अभ्यासक्रम कोणत्या सालचा ते बघा. पुणे विद्यापीठाचा २०१५ चा पॅटर्न गेला, २०१९ चा आला, आता २०२४ चा, त्यामुळे वरच्या वर्षाची लोकल पब्लिकेशनची पुस्तकं खालच्यांना बऱ्याचदा चालत नाहीत. मॅथ्स, मेकॅनिक्सची जाड संदर्भ पुस्तकं मात्र कधीच जुनी होत नाहीत, ती नक्की ठेवा.

पण खरं सांगू का, ढिगात फायली सगळ्यात जास्त असतील आणि तो दोष पोरांचा नाहीच. आम्हीच सांगतो एका बाजूने प्रिंट, प्रत्येक प्रॅक्टिकलला नवीन पान, वरून प्लास्टिकची फाईल. ओरलला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, दोन मिनिटं चाळतात आणि ती कपाटात जाते. दोन्ही बाजूंनी प्रिंट चालेल एवढं एक ओळीचं सर्क्युलर एचओडींनी (विभागप्रमुखांनी) काढलं तरी कागद जवळपास निम्मा होतो. यासाठी प्राचार्यांपर्यंत जायचीही गरज नाही. कोऱ्या मागच्या बाजूच्या पानांच्या रफ वह्या बांधून घ्या, बाइंडिंगवाले करून देतात.

मेसचा_हिशोब

सगळं ठीके, पण सामान वर्षातून एकदा निघतं आणि ताटातलं रोज. ३०० पोरं, प्रत्येकाने १०० ग्रॅम भात टाकला तर एका वेळेला ३० किलो, दोन वेळचे ६०, त्यात भाजीची देठं सालं वेगळी. २०१६ च्या घनकचरा नियमांत दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणारी संस्था मोठी कचरा उत्पादक धरली होती आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवा असं होतं. हे प्राचार्यांसमोर बोला, नियम म्हटलं की लगेच चहा येतो 😄

आणि कॅम्पसवर झाडं असतील तर पालापाचोळा जाळू देऊ नका, खताला तोच लागतो. नुसता मेसचा ओला कचरा टाकला की पाणी सुटतं, वास येतो आणि आठवड्यात वॉचमन तक्रार करतो. ओल्यावर दरवेळी सुक्या पानांचा जाड थर, मधून मधून खालीवर, बस. पावसाळ्यासाठी पानं आधीच पोत्यांत भरून ठेवायची. ग्रेव्हीचं तेल, हाडं नको.

बी_विंग_तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार. मेसचा_हिशोब दादा, मुद्दा पटतो, पण मेसचं टेंडर वेगळं, कॉन्ट्रॅक्टर वेगळा, दोन्ही एकदम मागितलं तर दोन्ही बारगळेल. सध्या खोली, चावी आणि नो ड्यूजवर सही एवढंच लिहितोय. फायलींसाठी आमच्या एचओडी मॅडमना वेगळं भेटतो. गाद्या बाद. काका, एकच शंका, ऑगस्टमध्ये सामान फुकट द्यायचं की थोडे पैसे घ्यायचे?

जुना_स्टोअरकीपर

दहा-वीस रुपये घ्या, फुकटची बादली पोरं महिन्यात फोडतात. पण पावती पुस्तक कॉलेजचं वापरू नका नाहीतर ऑडिटला याल, वहीत लिहा आणि त्यातून खोलीचं कुलूप, ट्यूबलाइट बघा. आणि अर्ज दोन प्रतींत न्या, दुसरीवर आवक नंबर आणि तारीख टाकून घ्या. साहेब तोंडी हो म्हणतील, जूनमध्ये बदली होईल, मग परत पहिल्यापासून.