एकच रॅक, तीन माणसं, तीन उद्दिष्टं: वेट ट्रेनिंगचा आराखडा कसा बसवायचा?

रंकाळा_काठ: तालमीशेजारच्या हॉलमध्ये वजनं लावलीत. २० किलोचा एक बार, १२० किलो प्लेट्स (सगळ्यात लहान २.५ची), एक रॅक (बार टेकवायचा स्टँड), एक बेंच, २० किलोपर्यंत डंबेल्स आणि पुलअप बार. येणारे तिघे:
१) १९ वर्षांचा पैलवान, ७४ किलो. सकाळी जोर-बैठका, संध्याकाळी मातीत लढत. ताकद पाहिजे.
२) २६ वर्षांचा किडकिडीत पोरगा, ५८ किलो. अंग भरायचंय.
३) ३४ वर्षांचे बँकेतले साहेब, ८८ किलो. चरबी उतरवायची आहे.
तिघांना एकच तक्ता दिला तर चालेल का? वेळ तासभर.

लोखंडी_हात: व्यायाम एकच चालतील. स्क्वॅट (खांद्यावर बार घेऊन बैठक), बेंच प्रेस (बेंचवर पडून बार छातीवरून वर), रोइंग (पुढे झुकून वजन पोटाकडे ओढणं), ओव्हरहेड प्रेस (उभ्याने बार डोक्यावर), रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून, पुढे झुकत बार खाली-वर), पुलअप. बदलायचं ते वजन, रेप्स (एका दमात किती वेळा), सेट्स (अशा किती फेऱ्या) आणि विश्रांती.

पोरगा: आठवड्यातून ३ दिवस. प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्यात १० सेट्सपासून सुरुवात, ८ ते १२ रेप्स, मध्ये दोन मिनिटं. सेट संपवताना अजून एक-दोन रेप्स निघाल्या असत्या, इतपतच जोर लावायचा. तिन्ही सेट्समध्ये १२ निघाल्या की वजन वाढवायचं आणि परत ८वर यायचं. इथे तुमच्या प्लेट्स आडव्या येणार. २.५ची जोडी म्हणजे थेट ५ किलोची उडी. स्क्वॅटला ती पचते, ओव्हरहेड प्रेस तिथंच अडकतो. १.२५ किलोची एक जोडी आधी आणा, बाकी खरेदी नंतर.

खुराकाशिवाय हे सगळं वाया. किलोमागे १.६ ग्रॅम प्रोटीन धरलं तर याला रोज साधारण ९३ ग्रॅम लागतं. अर्धा लिटर म्हशीच्या दुधातून १८-२० आणि सहा अंड्यांतून ३६च्या आसपास येतं. उरलेलं डाळ, चिकन, पनीर. नुसता पांढरा रस्सा वाटी-वाटी ओरपून काही होत नाही, फोडी खायला लागतात.

साहेब: चरबी उतरवायची म्हणून डंबेल हलकं घेऊन पंचवीस-पंचवीस रेप्स मारणं ही हमखास होणारी चूक. चरबी जेवणातल्या तुटीने, म्हणजे खर्चापेक्षा कमी खाऊन उतरते. वजन उचलायचं ते त्या तुटीत स्नायू जाऊ नये म्हणून. म्हणून बारवरचं वजन टिकवायचं, सेट्स कमी ठेवायचे: ३ दिवस, प्रत्येक व्यायामाचे २-३ सेट्स, ६ ते १० रेप्स. आठवड्याला ४०० ते ६०० ग्रॅम उतरलं की पुरे. त्याहून झपाट्याने उतरायला लागलं तर स्क्वॅटचा आकडा पडतो. तसं दिसलं की जेवण थोडं वाढवा. बाकीच्या दिवशी रंकाळ्याला चालणं.

पैलवानाला मात्र दोनच दिवस. ४ सेट्स, ३ ते ५ रेप्स, कमाल वजनाच्या (जेमतेम एकदाच उचलता येईल त्याच्या) ८० टक्क्यांच्या आसपास, मध्ये तीन मिनिटं. कमाल वजन प्रत्यक्ष उचलून बघू नका, अंदाज काढा: वजन × (१ + रेप्स/३०). समजा ८० किलोच्या ६ रेप्स नीट निघतात, तर ८० × (१ + ६/३०) = ९६ किलो. त्याचे ८० टक्के म्हणजे ७७. तुमच्या प्लेट्सवर ७५ बसतं, तेच लावा.

लाल_माती: वरचं बरोबर, पण पैलवानाच्या बैठका हिशेबात धरल्याच नाहीत. सकाळी पाचशे बैठका आणि सपाट्या मारून आलेल्या पायांवर संध्याकाळी ७५ किलोचा स्क्वॅट ठेवला की चौथ्या रेपला कंबर वाकते. मग दुखणं निघतं आणि वस्ताद म्हणतात, वजनं वाईट. जड स्क्वॅटच्या दिवशी बैठका निम्म्या करा, आणि तो दिवस जोरदार लढतीचा नको. डेडलिफ्टचे दोन सेट्स बास, कारण लढतीत कंबर तशीही रोज खपते. पुलअप बारवर टॉवेल टाकून मारले की पकडही होते. मान तालमीत होतेच, वेगळं काही नको.

जत्रांची मैदानं सुरू झाली की वजन तेच, सेट्स निम्मे. आठवड्याला एक दिवस केला तरी कमावलेली ताकद बरीच टिकते. हंगामात नवीन आकडा गाठायला जाऊ नये.

रंकाळा_काठ: बैठकांचं डोक्यातच आलं नव्हतं. पण रॅक एकच, आणि पैलवानाला सेटमध्ये तीन मिनिटं. बाकीचे उभेच राहणार की.

लोखंडी_हात: दर सेटला प्लेट्स बदलत बसलात तर तास त्यातच जाईल. पहिली वीस मिनिटं रॅक आणि बार फक्त पैलवानाचा. तेवढ्यात पोरगा डंबेल घेऊन बेंचवर प्रेस आणि रोइंग उरकेल, साहेब पुलअप बारवर. पुलअप निघत नसेल तर स्टुलावरून वर चढून पाच सेकंदांत सावकाश खाली यायचं, ५ रेप्स. मग पैलवान पुलअपकडे आणि बार या दोघांकडे. दोघांच्या स्क्वॅटमध्ये १० किलोपर्यंत फरक असेल तर आलटून पालटून करा, दोन्ही बाजूंची एकेकच प्लेट बदलायला लागते. दर पाचव्या-सहाव्या आठवड्यात तिघांचेही सेट्स निम्मे करा. तो आठवडा एकत्रच ठेवा, म्हणजे रॅकवर गर्दीही कमी.