मासिक वर्गणीकडे खर्च म्हणून पाहू नका

नेदरलँड्समधील अ‍ॅम्स्टेलवेनच्या शांत वस्तीतील नवा फ्लॅट आवडला आहे, पण सोसायटीची मासिक वर्गणी जास्त वाटते, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते वर्गणी कमी असणे हीच अधिक काळजीची बाब आहे. तिथे फ्लॅट घेणारा प्रत्येक जण मालकांच्या संघाचा, म्हणजे ‘व्हीव्हीई’चा, आपोआप सभासद होतो आणि २०१८ पासून या संघाला दीर्घकालीन देखभाल आराखड्यानुसार किंवा इमारतीच्या पुनर्बांधणी खर्चाच्या किमान ०.५ टक्के इतकी रक्कम वर्गणीतून दरवर्षी मोठ्या दुरुस्त्यांसाठी राखीव ठेवावी लागते. आम्ही घर पाहिले तेव्हा मागच्या सभांची इतिवृत्ते मागून घेतली. त्यांत लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय तीन वेळा ‘पुढील सभेत’ ढकललेला दिसला आणि आम्ही तो व्यवहार सोडला. (डच वाचण्याचा कंटाळा तेवढ्यापुरता बाजूला ठेवावा.)

जाहिरातीत ‘कोस्टेन कोपर’ (खर्च खरेदीदाराचा) असेल, तर हस्तांतरण कर आणि खरेदीखताच्या नोटरीचा खर्च आपल्यावर येतो. स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या घराला हा कर साधारणपणे २ टक्के असतो. नव्या बांधकामात ‘फ्राय ऑप नाम’ असते, तिथे हा बोजा किमतीतच धरलेला असतो. शेजारच्या अ‍ॅमस्टरडॅमच्या हद्दीत घर पाहणार असाल, तर जमीन पालिकेच्या भाडेपट्ट्यावर आहे का आणि भाडे कोणत्या वर्षापर्यंत आगाऊ भरले आहे, हे आधी विचारावे. सही केलेल्या कराराची प्रत हाती आल्यावर मिळणारे विचाराचे तीन दिवस या कागदांसाठीच वापरावेत.