सर्क्युलर सॉ अंगावर उसळला, आता प्लग लावायलाही हात धजत नाही. काय करू?

नवशिका_सुतार
नमस्कार मंडळी. पुस्तकांच्या मांडणीसाठी प्लाय स्वतःच कापायचं ठरवलं आणि ७¼ इंची सर्क्युलर सॉ (गोल पात्याची, हातात धरायची विजेची करवत) घेतला. पहिले दोन काप छान आले. तिसरा काप १८ मिमी प्लायच्या मधोमध होता. प्लाय दोन स्टुलांवर टेकवलेलं होतं, एक या टोकाला, एक त्या टोकाला. अर्ध्याच्या थोडं पुढे गेलो तर मशीनचा आवाज एकदम जड झाला. काय होतंय ते कळायच्या आत मशीन उसळून माझ्याकडे आलं. लागलं नाही, पण त्या दिवसापासून मशीन खोक्यात पडून आहे. माझं चुकलं काय? आणि गॉगल, हातमोजे यांतलं काय काय घेऊ?

जुना_रंधा
आधी हे सांगतो की घाबरलात ते योग्यच झालं. या मापाचं पातं मिनिटाला ५००० फेरे घेत असेल, तर त्याचे दात ताशी १७० किमीच्या आसपास धावत असतात.

चूक तुमच्या हातांची नाही, स्टुलांची आहे. दोन टोकांवर टेकलेलं प्लाय मध्ये जसजसं कापलं जातं तसतसं झोळ खातं. झोळ आला की कापाची वरची फट मिटते आणि पातं दोन्ही बाजूंनी चिमटलं जातं. पात्याच्या तळाचे दात पुढे धावत असतात. ते लाकडात अडकले की सगळा जोर उलटा फिरतो आणि मशीन मागे, म्हणजे तुमच्या अंगावर येतं. हाच किकबॅक. तो मनगटाच्या ताकदीने अडवता येत नाही, फट मिटूच द्यायची नाही हाच उपाय.

मोठं प्लाय मी जमिनीवर दोन इंची थर्मोकोलच्या शीटवर पसरतो आणि तिथेच कापतो. पातं थर्मोकोलमध्ये थोडं उतरतं, पण दोन्ही तुकडे शेवटपर्यंत जागच्या जागी राहतात. थर्मोकोल नसेल तर चार पट्ट्या ठेवा, कापाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन, आणि त्यातल्या आतल्या दोन कापाला लागून. टोकाकडची चार बोटं रुंदीची पट्टी कापायची असेल तर मात्र तिच्याखाली आधार नको. ती खाली झुकली की फट उघडते, मिटत नाही.

दुसरी गोष्ट पात्याची खोली. प्लग काढा, मशीन प्लायच्या कडेला लावा आणि तळपाट (मशीनखालची सपाट पट्टी, जी लाकडावर टेकते) असा बसवा की खाली दात जेमतेम डोकावेल, पूर्ण दातही दिसायला नको. १८ मिमीला २० मिमी भरपूर झाले. पातं पूर्ण खाली सोडून कापणारे खूप पाहिलेत. जितकं जास्त पातं लाकडात, तितकं चिमटायला जास्त.

आणि तो जड झालेला आवाज लक्षात ठेवा, तीच सूचना असते. आवाज बदलला की ट्रिगर सोडायचा आणि पातं पूर्ण थांबेपर्यंत मशीन आहे तिथेच दाबून धरायचं. फिरतं पातं मागे ओढायचं नाही, वर उचलायचं नाही. मी एकदा उचललं होतं. डाव्या मांडीवर चार इंचांचा व्रण आहे, आणि तेव्हा मी मशीनच्या बरोबर मागे उभा होतो. आता कापाच्या रेषेच्या एका बाजूला उभा राहतो, दोन्ही हात मुठींवर, वायर खांद्यावरून मागे. अडकलेल्या जागी पुन्हा सुरू करताना पातं फटीच्या मधोमध आहे आणि एकही दात लाकडाला टेकलेला नाही हे बघा. पूर्ण वेग आला की मगच पुढे सरका.

भुसा_आणि_चहा
सैल हातमोजे नकोत. दाताने धागा पकडला तर हातही ओढला जातो. गॉगल बाजूने झाकलेला घ्या आणि कानांसाठी इअरमफ. मास्कही हवाच, कारण लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलेलं आहे. प्लायची चांगली बाजू खाली ठेवा. दात खालून वर येतात, त्यामुळे चिरफाळ्या वरच्या बाजूला उडतात.

गुण्या_पट्टी
यात एक भर घालतो, कारण हे रोज डोळ्यांसमोर दिसतं. हलकं पडतं म्हणून मार्बल कटरला लाकडाचं दातेरी पातं लावतात. कृपा करून लावू नका. ते मशीन दगडाच्या बिनदाती डायमंड पात्यासाठी बनवलेलं असतं. मिनिटाला १२,००० च्या पुढे फिरतं, आणि पातं झाकणारा स्प्रिंगचा खालचा गार्ड त्याला नसतो. ग्राइंडरचंही तेच. आणि तुमच्या सॉचा खालचा गार्ड पाचर मारून वर अडकवायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

नवशिका_सुतार
सगळ्यांचे मनापासून आभार. गार्डचं वाचलं आणि प्लग काढून मशीन बाहेर काढलं. गार्ड हाताने मागे सरकवून सोडला तर अर्ध्यावर अडकून राहिला! आत भुसा नि चिकट डिंकासारखं काहीतरी साचलंय. तेल सोडू का?

जुना_रंधा
तेल नको, त्यावर भुसा आणखी चिकटेल. पातं काढा, कोरड्या ब्रशने भुसा झाडा, डिंक साबणाच्या ओलसर फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग दहादा मागे सरकवून सोडून बघा. दहाही वेळा खटकन बंद व्हायला हवा. एकदा जरी रेंगाळला तरी स्प्रिंग बदलून घ्या आणि तोवर मशीन लावू नका. झालं की इथे कळवा, मी वाट बघतो.