एकाच इंटरफेसचे तीन क्लास रजिस्टर केले, तरी शेवटचाच मिळतो; हवा तो कसा मिळवावा?

प्रश्न

डॉटनेट ८ वरील एका वेब एपीआयमध्ये ‘आयमेसेजसेंडर’ हा इंटरफेस असून ईमेल, एसएमएस आणि पुश असे तीन क्लास तो इम्प्लिमेंट करतात. तिन्ही क्लास मी याच क्रमाने ‘अ‍ॅडस्कोप्ड’ने (म्हणजे दर रिक्वेस्टला एक ऑब्जेक्ट) रजिस्टर केले आहेत. मात्र ज्या सर्व्हिसच्या कन्स्ट्रक्टरमध्ये हा इंटरफेस मागितला आहे, तिथे दर वेळी पुशचाच ऑब्जेक्ट येतो आणि एरर किंवा वॉर्निंग काहीच दिसत नाही. कोणता सेंडर वापरायचा, हे डेटाबेसमधून येणाऱ्या ग्राहकाच्या पसंतीवर ठरते. सर्व्हिसमध्ये ‘स्विच’ लिहून ‘न्यू’ने ऑब्जेक्ट तयार केले, तर काम भागेल, पण मग कंटेनर (लागणारे ऑब्जेक्ट तयार करून पुरवणारी डॉटनेटमधील यंत्रणा) ठेवण्यात अर्थ उरत नाही. यासाठी योग्य रचना कोणती?

पहिला प्रतिसाद

हा बग नाही. कंटेनर नोंदी एका यादीत ठेवतो आणि एकच ऑब्जेक्ट मागितल्यास शेवटची नोंद ग्राह्य धरतो, जेणेकरून एखाद्या लायब्ररीने केलेली नोंद आपल्याला नंतर स्वतःची नोंद करून बदलता यावी. आधीच्या दोन नोंदी पुसल्या जात नाहीत. कन्स्ट्रक्टरमध्ये ‘आयमेसेजसेंडर’चा ‘आयइन्युमरेबल’, म्हणजे यादी, मागितला, तर तिन्ही ऑब्जेक्ट नोंदणीच्या क्रमाने मिळतात. इंटरफेसवर ‘चॅनल’ नावाची प्रॉपर्टी ठेवावी, प्रत्येक क्लासने आपले चॅनल सांगावे आणि सर्व्हिसने ‘सिंगल’ वापरून जुळणारा सेंडर निवडावा. चौथा सेंडर आला, तरी सर्व्हिसला हात लावावा लागत नाही. मात्र या नोंदी ‘ट्रायअ‍ॅडस्कोप्ड’ने करू नयेत, कारण त्या इंटरफेसची एक नोंद आधीच असल्यास ती मेथड पुढची नोंद मुकाट्याने वगळते.

दुसरा प्रतिसाद

वरील मार्ग चालतो, पण प्रस्तुत प्रश्नासाठी तो मला पटत नाही. संदेश एकाच मार्गाने जाणार असताना यादी मागितल्यामुळे तिन्ही सेंडर आणि त्यांच्या सर्व डिपेंडन्सी तयार होतात. कन्स्ट्रक्टर हलके असतील, तर त्याने फारसे बिघडत नाही. तरीही यादी मागावी ती सर्वांना काम द्यायचे असेल तेव्हा, उदाहरणार्थ एकाच ऑर्डरवर अनेक व्हॅलिडेटर चालवताना.

डॉटनेट ८ मध्ये, म्हणजे नोव्हेंबर २०२३ पासून, कीड सर्व्हिसेस (की, म्हणजे ओळखनाव, देऊन केलेल्या नोंदी) कंटेनरमध्येच उपलब्ध आहेत. ‘अ‍ॅडकीडस्कोप्ड’ने प्रत्येक क्लास एका की-खाली रजिस्टर करावा. की स्ट्रिंग असू शकते, परंतु ती एनम (ठरावीक नावांचा टाइप) असावी असे मी सुचवेन, कारण स्ट्रिंगमधील टायपिंगची चूक कंपायलरला दिसत नाही आणि कोड चालताना ‘इनव्हॅलिडऑपरेशनएक्सेप्शन’च्या रूपाने समोर येते. कोणता सेंडर हवा हे कोड लिहितानाच ठाऊक असेल, तर पॅरामीटरवर ‘फ्रॉमकीडसर्व्हिसेस’ हे अ‍ॅट्रिब्यूट लावणे पुरेसे आहे. आपल्याकडे मूल्य डेटाबेसमधून येत असल्याने ‘गेटरिक्वायर्डकीडसर्व्हिस’ला पर्याय नाही, पण ते एका छोट्या ‘सेंडररिझॉल्व्हर’ क्लासपुरतेच ठेवावे. ‘आयसर्व्हिसप्रोव्हायडर’ (कंटेनरकडून ऑब्जेक्ट मागण्याचा इंटरफेस) सर्व्हिसेसमध्ये इंजेक्ट होऊ लागला, की कोणत्या क्लासला नेमके काय लागते हे कन्स्ट्रक्टर वाचून कळेनासे होते.

की-सह केलेल्या नोंदी साध्या ‘आयइन्युमरेबल’मध्ये येत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

तिसरा प्रतिसाद

जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये अशी संदिग्धता असल्यास, आणि ‘प्रायमरी’, ‘क्वालिफायर’ किंवा पॅरामीटरचे नाव यांपैकी कशानेही ती सुटत नसल्यास, ‘नोयुनिकबीनडेफिनिशनएक्सेप्शन’ येते. माझ्या मते हे वर्तन अधिक प्रामाणिक आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दुसऱ्या प्रतिसादातील मार्ग माझ्या गरजेला जुळतो. रिझॉल्व्हरमध्ये स्वतःचा काहीच डेटा नसल्यामुळे तो सिंगलटन (संपूर्ण अ‍ॅप्लिकेशनसाठी एकच ऑब्जेक्ट) ठेवला तर चालेल का?

दुसऱ्या प्रतिसादकाचे उत्तर

नाही, त्याला स्कोप्डच ठेवावे. सिंगलटनला मिळणारा प्रोव्हायडर रूट, म्हणजे एका रिक्वेस्टचा नसून संपूर्ण अ‍ॅप्लिकेशनचा, असतो आणि आपले सेंडर स्कोप्ड आहेत. डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंटमध्ये स्कोपची तपासणी मुळातच चालू असल्याने तिथे लगेच एक्सेप्शन येईल. प्रॉडक्शनमध्ये मात्र ही तपासणी डीफॉल्टने बंद असते. तिथे तोच सेंडर आणि त्याच्यामागचा डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी व्यवहार करणारा ऑब्जेक्ट) अ‍ॅप्लिकेशन बंद होईपर्यंत जिवंत राहतील आणि एकाच वेळी येणाऱ्या अनेक रिक्वेस्ट त्यांचा सामायिक वापर करतील. डीबीकॉन्टेक्स्ट थ्रेड-सेफ, म्हणजे एकाच वेळी अनेक थ्रेडनी वापरण्याजोगा, नाही.