साडेआठची मालिका आणि उशीखालचा पेन ड्राइव्ह

(सोसायटीचा मराठी ग्रुप, तिलक नगर, इंदूर. बुधवारची रात्र.)

माई, ए-१०३ (९:०१)
झालं! आजही तोंड उघडलं नाही तिनं. पुरावा हातात, नवरा समोर, सासू दारात, आणि ही बया पेन ड्राइव्ह उशीखाली सरकवून खिडकीतून चंद्र बघत बसली.

वहिनी, सी-४०४ (९:०२)
अकरावा दिवस, माई. कॅलेंडरवर खुणा करतेय मी.

आबा, बी-२०१ (९:०४)
त्या फाइलची कॉपी काढायला तीन मिनिटं लागतात. एक स्वतःच्या मेलवर, एक वकिलाला. मग सासू पेन ड्राइव्ह घेऊन गेली काय नि गिळला काय. घरात कॉम्प्युटर आहे, आत्याबाई त्यावर पत्ते खेळतात.

दादा, बी-३०२ (९:०५)
आबा, मग मालिकाही तीन मिनिटांत संपेल 😀

ताई, ए-४०२ (९:११)
आज घड्याळ लावून पाहिला भाग. ‘मागील भागात’ १ मिनिट १० सेकंद. शीर्षकगीत ४० सेकंद. मग सासू दारात आली तो सीन ४ मिनिटं २० सेकंद, त्यात बोललेले शब्द अकरा. उरलेला वेळ सहा जणांचे चेहरे, प्रत्येकाचा दोनदा, आत्याबाईंचा तीनदा.

वहिनी, सी-४०४ (९:१२)
आणि प्रत्येक वेळी तो धडाम् आवाज. आमच्याकडे बाळ दचकतं.

ताई, ए-४०२ (९:१८)
त्यामागे हिशोब असतो, वहिनी. दैनिक मालिकेला दिवसाला साधारण एक भाग हातावेगळा करावा लागतो, शिफ्ट १२ तासांची. हॉलमध्ये लाइट एकदा लागले की सहाही जणांचे क्लोजअप पटापट घेता येतात, एडिटमध्ये हवे तेवढे वापरायचे. तेच पात्राला बँकेत किंवा पोलीस स्टेशनात न्यायचं म्हटलं की नवी जागा, नवं लाइटिंग, तास-दीड तास गेला. म्हणून सगळ्या जगाच्या भानगडी हॉलमध्ये सुटतात. वकील घरी, इन्स्पेक्टर घरी, डॉक्टर घरी.

दादा, बी-३०२ (९:१९)
आणि नवरा ‘कंपनीच्या कामाला दिल्लीला’.

ताई, ए-४०२ (९:२१)
ते तर सरळ आहे, नटाच्या डेट्स नाहीत. मग एकतर्फी फोन, नाहीतर पाठमोरा डुप्लिकेट. मागच्या आठवड्यात बाल्कनीत उभा होता तो नायक नव्हताच, खांदे बघा.

माई, ए-१०३ (९:२२)
मला वाटलंच! तो एवढा रुंद कधी झाला म्हणून.

माई, ए-१०३ (९:२३)
पण मला एवढंच सांगा, खरं बाहेर येणार की नाही? रविवारच्या प्रोमोत तर तिनं सगळ्यांसमोर सासूच्या कानाखाली काढली होती.

ताई, ए-४०२ (९:२९)
प्रोमोवर जाऊ नका माई. प्रोमो बहुतेक वेळा वेगळा शूट होतो, कधीकधी भाग लिहून होण्याआधी. नंतर ती थप्पड स्वप्न निघते, हात हवेतच धरला जातो, नाहीतर कानाखाली बसते ती मोलकरणीच्या. नीट बघा, त्या प्रोमोत नायिकेची साडी मोरपंखी आहे आणि कथेत आत्ता ती हळदीची पिवळी नेसून बसलीय. साडी जुळेना, तर सीनला अजून अवकाश आहे किंवा तो स्वप्नात आहे. ही खूण सहसा चुकत नाही.

ॲडमिन (९:३०)
नर्मदेचं पाणी उद्या सकाळी ६ ते ७. टाकी वाहू देऊ नये. चालू द्या तुमचं.

वहिनी, सी-४०४ (९:३४)
पण एवढं सगळे शिव्या घालतात, प्रोमोखाली हजारो कमेंट असतात ‘बंद करा’ म्हणून. वाहिनीला दिसत नाही का? काय करून राहिले हे लोक?

दादा, बी-३०२ (९:५२)
दिसतं की. पण कथा वळते ती आकड्यावर. जरा लांबण लावतो.

देशात टीव्ही असलेली घरं सुमारे २३ कोटी. त्यातल्या साधारण ५८ हजार घरांत बार्कचा, म्हणजे टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचा, मीटर आहे. म्हणजे एक घर जवळपास ४ हजार घरांच्या वतीनं बोलतं. मीटर वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला न कळणारी खूण ओळखतो. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण असतं, टीव्हीसमोर बसलं की दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं.

मोजतात कसं? समजा चार जणांचं घर, मालिका अर्ध्या तासाची. दोघांनी पूर्ण पाहिली, एक जण १५ मिनिटांनी जेवायला उठला, चौथा मोबाईलवर. ३० + ३० + १५ = ७५ मिनिटं. पूर्ण आकडा झाला असता १२०. म्हणजे साडेबासष्ट टक्के. अशी सगळ्या मीटरच्या घरांची बेरीज, वर लोकसंख्येप्रमाणे वजन. म्हणून ब्रेकच्या आधी कुणीतरी दार ढकलतं किंवा हातातलं ताट पडतं. तुम्ही १५व्या मिनिटाला उठू नये एवढ्यासाठी ते ताट पडतं.

आता राग. माई, तुम्ही चिडून पूर्ण अर्धा तास पाहिलीत. मीटर असता तर पूर्ण ३० मिनिटं लागली असती. राग मोजायचं बटण त्या रिमोटवर नाही.

माई, ए-१०३ (९:५३)
म्हणजे मीच पोसतेय त्या सासूला!

दादा, बी-३०२ (१०:०१)
तेही नाही, माई. मराठी कार्यक्रमांचा क्रमांक लागतो तो महाराष्ट्र-गोवा बाजारातल्या प्रेक्षकांवर. मध्य प्रदेश हिंदी भाषक बाजारात धरला जातो. तिलक नगरात मीटर लागला असता तरी साडेआठवालीच्या मराठी क्रमांकात तुमचं घर आलं नसतं. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, सगळ्यांचं हेच. ॲपवर पाहणाऱ्यांचा हिशोब वेगळ्या वहीत, तो टीआरपीत येत नाही.

आबा, बी-२०१ (१०:०२)
मतदार यादीत नाव नाही आणि अकरा दिवस प्रचार करतोय आपण.

दादा, बी-३०२ (१०:०९)
वेळेचाही घोळ आहे. बार्कचा आठवडा शनिवार ते शुक्रवार, आकडे त्यापुढच्या गुरुवारी. आजच्या भागाचा आकडा येणार पुढच्या गुरुवारी, म्हणजे आठ दिवसांनी. मग वाहिनीची बैठक. मग कथा बदलायची, तिची पटकथा एक जण लिहिणार, संवाद दुसरा, मग शूट, एडिट, पार्श्वसंगीत, वाहिनीची मंजुरी. शिवाय चार-पाच भागांची बँक आधीच तयार असते, ती फेकत नाहीत. आजच्या रागाचा परिणाम पडद्यावर दिसायला अठरा-वीस दिवस. तोवर पेन ड्राइव्ह उशीखालीच.

आणि उद्या गुरुवार. दुपारपासून ‘टीआरपी यादी’ फिरू लागेल. त्यातल्या निम्म्या फॅन पेजवाल्यांनी स्वतःच्या नायिकेसाठी सजवलेल्या असतात. बार्कच्या साइटवर भाषेनुसार पहिले काही कार्यक्रम असतात, तेवढेच खरे धरा.

वहिनी, सी-४०४ (१०:१२)
मध्येच विचारते. परवापासून ती वाहिनीच दिसत नाहीये आमच्या बॉक्सवर, मी ॲपवर पाहतेय. बाकी सगळं येतंय.

आबा, बी-२०१ (१०:२०)
पॅक बदलला असेल. आपल्याकडे मराठी वाहिन्या बहुधा वेगळ्या ॲड-ऑनमध्ये असतात, नूतनीकरणात तो ॲड-ऑन गळतो. ९९९ नंबरची वाहिनी लावा, तिथे माहिती मिळते. हव्या त्या वाहिनीचा क्रमांक आणि दर लिहून घ्या आणि ऑपरेटरला ‘ही एकच सुटी द्या’ म्हणून सांगा. सुटी वाहिनी देणं त्याला बंधनकारक आहे, पूर्ण पॅक घ्यायची गरज नाही. दरावर १८ टक्के जीएसटी. चालू केली म्हणाला की बॉक्स त्याच वाहिनीवर १०-१५ मिनिटं सुरू ठेवा. सिग्नल त्याशिवाय पोचत नाही आणि माणूस उगाच पुन्हा फोन करत बसतो.

वहिनी, सी-४०४ (१०:२१)
वा भिया! सॉरी, वा आबा 🙏

(गुरुवार.)

माई, ए-१०३ (सकाळी ७:४०)
रात्रभर विचार केला. तक्रार करायची. सरकारकडे नियम असतील ना?

आबा, बी-२०१ (८:१५)
आहेत. पण लग्न लांबलं किंवा नायिका मुकी झाली म्हणून तक्रार होत नाही. केबल टीव्ही नियम १९९४, त्यातला सहावा नियम म्हणजे कार्यक्रम संहिता. अंधश्रद्धेला खतपाणी, स्त्रियांची किंवा मुलांची अवहेलना, असलं काही असेल तर. मागच्या महिन्यात तो बाबा अंगारा देऊन ताप उतरवत होता आणि कुणी डॉक्टरला बोलावलं नाही, ते बसू शकतं.

पायऱ्या अशा. आधी थेट वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी. कार्यक्रम, तारीख, वेळ, नेमका सीन आणि तो कोणत्या कलमात बसतो. पोच २४ तासांत मिळायला हवी, निर्णय १५ दिवसांत. पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाकडे अपील, त्यांना ६० दिवस. त्याच्यावर केंद्र सरकार. ही तीन पायऱ्यांची रचना २०२१ पासूनची. आणि ‘संस्कृती बुडाली’ एवढंच लिहिलं की पहिल्याच पायरीवर बाद.

ताई, ए-४०२ (८:३१)
कथेसाठी दुसरा रस्ता आहे. प्रोमोखाली ‘बंद करा’ लिहून काही हाती लागत नाही, त्यांना ती गर्दीच वाटते. विसंगती दाखवली तर लेखकाच्या टेबलावर जायची शक्यता जास्त. असं काही:

‘नायिका स्वतः बँकेत नोकरी करते असं सुरुवातीला दाखवलं. मग ती पुराव्याची प्रत का काढत नाही? तिला गप्प राहायचं असेल तर कारण दाखवा: धमकी, भीती, मुलगी, काहीही. कारण कळलं तर आम्ही आणखी महिनाभर थांबू.’

चार ओळी, बस. भागाची तारीख घालायची.

माई, ए-१०३ (८:३४)
महिनाभर कशाला गं?

ताई, ए-४०२ (८:४१)
कारण तसंही थांबणारच आहोत, माई 😄 आणि माझं भांडण लांबणीशी नाही. तीन हजारांच्या वर भाग झालेली ‘चार दिवस सासूचे’ लोकांनी पाहिलीच की. राग येतो तो पात्राची अक्कल कथेच्या सोयीनं कमी-जास्त केली की. काल हुशार, आज ढ, रविवारी दोन मालिकांचा महासंगम लागला की पुन्हा हुशार.

वहिनी, सी-४०४ (१०:०५)
मूळ मालिका शोधली तर पुढचं कळेल ना? ही कुठल्यातरी दक्षिणेकडच्या मालिकेवरून आहे म्हणतात.

दादा, बी-३०२ (१०:२२)
सुरुवातीला उपयोग होतो, पुढे नाही. ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून. ‘आई कुठे काय करते’ बंगाली ‘श्रीमोयी’वरून, हिंदी ‘अनुपमा’ही तिच्यावरूनच. ‘श्रीमोयी’ २०२१ च्या डिसेंबरात संपली, ‘आई कुठे’ २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली. शेवटची जवळपास तीन वर्षं मूळ कथा शिल्लकच नव्हती. मूळ मालिका बघून पैज लावायची तर पहिल्या काही महिन्यांपुरती.

त्यापेक्षा खुणा बघा. लहान मुलांचं कास्टिंग चालू झालं, नायक दाढी वाढवून प्रोमोत आला, तर लीप, म्हणजे कथेत पाच-सात वर्षांची उडी. मालिका साडेआठवरून संध्याकाळी सहाला किंवा रात्री अकराला गेली, तर आवरतं घेण्याची तयारी. आणि खलनायिका अचानक देवळात जाऊन रडायला लागली की समजा शेवटचे पंधरा भाग.

माई, ए-१०३ (१०:२४)
आपली सासू देवळात गेली होती परवा!

दादा, बी-३०२ (१०:२५)
रडली का?

माई, ए-१०३ (१०:२५)
नाही. दानपेटीत चिठ्ठी टाकली.

दादा, बी-३०२ (१०:२६)
मग नाही संपत. तो नवा ट्रॅक आहे.

ताई, ए-४०२ (दुपारी १:५०)
वाहिनीला मेसेज पाठवला. माईंच्या सांगण्यावरून एक ओळ वाढवली: ‘आत्याबाईंचा क्लोजअप एकदाच दाखवला तरी कळतं.’

ॲडमिन (संध्या. ६:१०)
बी विंगची लिफ्ट ८:३० ते ९ देखभालीसाठी बंद राहील. त्या वेळेत कुणी बाहेर पडत नाही असं निरीक्षण असल्याने ही वेळ ठरवली आहे.

वहिनी, सी-४०४ (८:२८)
वाहिनी आली आबा! सुटी दिली. १० मिनिटं ठेवावी लागली.

माई, ए-१०३ (८:५७)
पाहिलंत??

वहिनी, सी-४०४ (८:५८)
प्रीकॅपमध्ये ना, उद्याच्या झलकीत? मोलकरणीनं चादरी-अभ्रे काढले आणि पेन ड्राइव्हसकट मशीनला लावले.

माई, ए-१०३ (८:५८)
गेला पुरावा.

आबा, बी-२०१ (९:०३)
नाही गेला. पेन ड्राइव्ह पाण्यात पडला तरी आतली माहिती सहसा शाबूत राहते. लगेच कॉम्प्युटरला लावायचा नाही. टोपण काढून दोन दिवस सावलीत वाळवायचा, मग लावायचा.

दादा, बी-३०२ (९:०४)
दोन दिवस वाळवणार म्हणजे त्यांचे दहा भाग.

ताई, ए-४०२ (९:०५)
आणि वाळत घालणार हॉलमध्येच.