गडर लाइन तुंबली, चारपैकी कोणत्या नगरसेवकाकडे जायचं?

प्रश्न: दक्षिण नागपुरात राहते. गल्लीतली गडर लाइन पंधरा दिवसांपासून तुंबलीये. चेंबरचं झाकण मधोमध फुटलं. लेकरं पडू नयेत म्हणून सासूबाईंनी त्यावर जुना पाटा आडवा टाकून वर दोन विटा ठेवल्या. काळं पाणी तुळशीपर्यंत येतं. एक नगरसेवक म्हणतात, 'तो भाग माझ्याकडे नाही.' मग आम्ही कोणाचे?

उत्तर: ताई, चारही तुमचेच. नागपुरात ३८ प्रभाग, १५१ जागा. एक प्रभाग सोडला तर सगळे चार सदस्यांचे. गल्ल्यांची वाटणी ते आपसात करतात, मत तर तुम्ही चौघांसाठी दिलं ना?

उत्तर: झोन ऑफिसात सहायक आयुक्तांच्या नावे लेखी अर्ज द्या, चौघांना प्रत. आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. आमचा तोंडी सांगण्यात महिना गेला. अर्जानंतर चौथ्या दिवशी गाडी आली.

प्रश्नकर्ती: आज अर्ज दिला, बावीस सह्या. चौघांपैकी एक ताई संध्याकाळी स्वतः आल्या, वाकून चेंबर पाहिलं. फार बरं वाटलं. गाडी उद्या येते म्हणाल्या. झाकणाला वेगळं एस्टिमेट लागतं म्हणे. तोवर विटा तिथंच.